ओटीतला नारळ

दाढी करताना परवा गाल कापला आणि घाईघाईत स्पिरिटची बाटली मी शर्टावरच सांडली. त्या वासासरशी मंगरूळपीरची आमची भाड्याची खोली आठवली. साल छप्पन असेल. बायको नर्सचं शिक्षण संपवून नुकती नोकरीला लागलेली, दोन महिने पगार नाही, आणि मी घरातला बेकार मालक.

एका दुपारी ती एकटीनं केलेलं पहिलं बाळंतपण उरकून खेड्यातून आली. ओटीत खण-नारळ होता, बाळंतिणीच्या घरचा मान. मी लगेच नारळ फोडला आणि खोबरं चावत विचारलं, "पोरगा का पोरगी?" आधी तिचं तोंड पाहावं, ही अक्कल मला फार उशिरा आली.

हात धूत ती म्हणाली, "बाळ गेलं. मी घेत नव्हती, तं त्याची आजीच म्हणे, 'माही सून तं वाचवली ना माय, रिकामी कायले जातं?' खा तुमी."