फ्रान्सची रंगीत तालीम

आम्ही फ्रान्सला गेलो नाही, त्याला बापट जबाबदार आहेत. (नवराही आहे, पण तो माझ्या आयुष्यात सगळ्यालाच जबाबदार असल्यामुळे त्याचं वेगळं नाव घेत नाही.)

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेत पार्सिपनीला येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली होती आणि त्या सगळ्या वर्षांत आमच्या सुट्टीला एकच गाव ठाऊक होतं, सातारा. रजा साठवायची, बॅगा फाटेस्तोवर भरायच्या आणि दिरांच्या घरी जाऊन 'किती वाळलीस' नाहीतर 'किती सुटलीस' हे ऐकत महिना काढायचा. (दोन्ही एकाच दिवशी ऐकलेलं आहे, एकाच जावेकडून.) माझ्या ऑफिसातली बार्बरा मात्र त्या वर्षी फ्रान्सला जाऊन आली आणि जेवणाच्या सुट्टीत तिनं फोटो दाखवले. शांत कालवा, दोन्ही काठांना झाडं, झाडांखालून सायकलवर चाललेली बार्बरा, मध्येच एखादं जुनं दगडी गाव, आणि सायकलच्या टोपलीत लांबडा पाव. माझा जीव त्या टोपलीत अडकला तो अडकलाच.

मी सांगलीची. आयर्विन पुलावरून साडी खोचून, समोरून वारा असताना कॉलेजला सायकल मारलेली बाई. बार्बराला जमतं ते मला का जमू नये? मी तशीच वेताची टोपली आणली, हँडलला बांधली, लायब्ररीतून फ्रेंचच्या कॅसेट आणल्या आणि भाजी फोडणीला टाकताना 'मला नदीकडची खोली हवी' असं फ्रेंचमध्ये कढईला सांगायला लागले.

घरात युद्ध पेटलं, कारण नेमक्या त्याच उन्हाळ्यात साताऱ्याला पुतण्याची मुंज निघाली. सासूबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडेच होत्या.

"मुंज काय दरवर्षी होते?" त्या म्हणाल्या.

"फ्रान्स तरी काय दरवर्षी होतं, आई?"

"ते कुठं पळून चाललंय? असेल पुढच्या वर्षी तिथंच."

सुधीर, म्हणजे माझा नवरा, (सासूबाईंसमोर 'अहो', त्यांची पाठ वळली की 'सुधीर') इंजिनियर आहे. इंजिनियरला कुठलीही गोष्ट थेट करवत नाही, आधी चाचणी लागते. तो म्हणाला, "आपण असं करू. इथंच न्यू जर्सीत कालव्याकाठानं सायकल चालवायची वाट आहे. जुनी गावंही आहेत. एक दिवस चालवून बघू. जमलं तर फ्रान्स, नाही जमलं तर मुंज. रंगीत तालीम समज." वर हसून म्हणाला, "शेवटचं गाव फ्रेंचटाउन आहे. म्हणजे बघ."

मी बघितलं, आणि दात आवळून 'हो' म्हटलं. एका शनिवारावर माझं फ्रान्स टांगलेलं होतं, त्या दिवशी भांडायचं नाही असं मी स्वतःला बजावलं.

शनिवार उजाडला. मी, सुधीर आणि आमची मीनल दारात उभी. टोपलीत मी पाव, चीज आणि द्राक्षं ठेवली होती, अगदी बार्बरासारखी. तेवढ्यात सासूबाई दही-साखर घेऊन बाहेर आल्या आणि आमच्याकडे बघून थबकल्या.

"तिघंच चाललात?"

"हो."

"तिघांनी निघू नये. तीन तिगाडा, काम बिगाडा."

यावर उतारा काय, हे मलाही माहीत होतं. तिघं निघाले की चौथा म्हणून एक खडा बरोबर घ्यायचा. मी ड्राइव्हवेवरचा गुळगुळीत दगड उचलला आणि टोपलीत टाकला. "झाले चार. चला."

सासूबाईंनी टोपलीत डोकावून पाहिलं. "इथला दगड चालतो का पण?"

"आई, दगड तो दगड."

"आपल्याकडचा वेगळा. हा अमेरिकेतला. याला काय कळणार?"

मीनल म्हणाली, "डॅड, इज ग्रँडमा सीरियस?" ग्रँडमा अतिशय सीरियस होती. माझ्या कानशिलाची शीर तिथूनच उडायला लागली. दगडाच्या पासपोर्टवर माझं फ्रान्स अडलं होतं. आणि माझा नवरा, जो ऑफिसात टेलिफोनची यंत्रं तपासतो, तो आईची समजूत काढायचं सोडून आत गेला आणि त्यानं बापटांना फोन केला.

"अरे, बापटांना कशाला?"

"चौथा माणूस झाला. शिवाय त्यांच्या स्टेशन वॅगनमध्ये चारही सायकली बसतात. आईचं समाधान, आपली सोय."

बापट आमच्या महाराष्ट्र मंडळातले सर्वज्ञ. गणपतीची आरास असो की कुणाच्या गाडीचा गिअरबॉक्स, बापटांना त्यातलं कळतं आणि ते सांगतात. नुसतं सांगत नाहीत, तुम्हाला कळलं का हेही विचारतात. तासाभरात ते आले. गळ्यात कॅमेरा, पँटचे पाय मोज्यात खोचलेले, आणि हातात बापटवहिनींनी दिलेला साबुदाण्याच्या खिचडीचा स्टीलचा डबा. बापट जेवण घेऊन आले म्हटल्यावर सासूबाईंना चेव चढला. त्यांनी पुऱ्या, बटाट्याची भाजी, आंब्याच्या लोणच्याची बरणी आणि दह्याचा सट बाहेर काढला.

"हे सगळं ठेवणार कुठं?" मी विचारलं.

"वहिनी, तुमच्या सायकलला टोपली आहे ना," बापट म्हणाले.

माझा पाव खाली गेला, द्राक्षं त्याच्याही खाली गेली आणि वर खिचडी, पुऱ्या, दही, लोणचं असा एका कुटुंबाचा रविवार चढला. फक्त दगड तेवढा काढायचा राहिला. मी तेव्हाही काही बोलले नाही. माझ्या संसारातला तो सर्वांत लांब मौनाचा काळ असावा.

कालव्यावर पोचलो. वाट खरंच सुंदर होती. पाण्यावर झाडांच्या सावल्या, पलीकडे जुन्या दगडी गिरण्या. मी पायडल मारलं आणि क्षणभर वाटलं, हे जमतंय, आपण जाणार. तेवढ्यात पुढचे बापट काही न सांगता ब्रेक दाबून थांबले. मागून मी, माझ्या मागून सुधीर.

"हे लॉक बघा, वहिनी. होड्या वर चढवायला दगडी भिंतींतले हे दरवाजे. आता यात पाण्याची पातळी कशी वाढते, तर..."

ते सांगत राहिले. सुधीर मान डोलावत राहिला. लोणच्याचं तेल माझ्या टोपलीतून गुडघ्यावर ठिबकत राहिलं. पुढच्या लॉकला पुन्हा तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. पाणी तेच, दरवाजे तसेच, बापटही तेच.

"मॉम, कॅन वी जस्ट गो?" मीनल म्हणाली.

"तुझ्या वडिलांना विचार."

"बापटकाका आर नॉट ब्रीदिंग," ती म्हणाली. मुलीला माणसं बरोबर कळायची.

पुढच्या वळणावर गीज होते. गीज म्हणजे आपल्या बदकाची भांडकुदळ चुलत सासू. मोठं अंग, काळी मान आणि सगळी वाट अडवून बसायची सवय. मी घंटी वाजवली.

"घंटी नको, वहिनी! बिथरतात. त्यांना प्रेमानं घ्यायचं असतं," बापट म्हणाले, आणि माझ्या टोपलीतली एक पुरी काढून त्यांनी प्रेमानं टाकली.

पुरी गिळल्यावर त्या पक्ष्यांनी मान वर करून बघितलं की ही आली कुठून. बापटांचे हात रिकामे होते. पुऱ्या माझ्याकडे होत्या. मग ती सगळी फौज पंख पसरून, फिसकारत माझ्यावर निघाली. मी जीव खाऊन पायडल मारलं. मी सुटले असते, शपथेवर सांगते, आयर्विन पुलावर म्हशी अंगावर आलेल्या असताना मी सुटलेली आहे. पण वाटेच्या बरोबर मध्ये, पाय फाकवून, कॅमेरा डोळ्याला लावून बापट उभे होते.

"तशाच या, वहिनी. फार छान अँगल आहे."

बापटांना उडवायचं की कालव्यात जायचं, एवढेच दोन मार्ग उरले. मी कालव्यात गेले. (चुकीचा निर्णय. तेव्हाही होता, आजही आहे.)

पाणी कमरेएवढंच होतं, पण बर्फासारखं गार, आणि तळाला गाळ. मी उभी राहिले तेव्हा डोक्यावर शेवाळ होतं आणि समोरून खिचडीचा डबा शांतपणे तरंगत चालला होता. काठावर माझा नवरा धावत आला. पंधरा-सोळा वर्षांच्या संसारानंतर तो पहिलं वाक्य काय बोलला असेल?

"अगं, डबा धर, डबा! बापटवहिनींचा आहे!"

तिथं माझं मौन संपलं. टोपलीतून निसटलेला तो दगड पायाशी लागला. मी तो उचलला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून फेकला. कुणाला लागला नाही, दुर्दैवानं. एक दगड पाण्यात गेला, दुसरा काठावर उभा राहून फोटो काढत होता.

"खड्ड्यात गेलं तुझं फ्रान्स!" मी ओरडले. फ्रान्स माझं होतं, पण रागात मालकी बदलते. "नको मला सायकल, नको ते कालवे. जा साताऱ्याला, करा मुंज, वाजवा ताशे. मला या जन्मात फ्रान्सला जायचं नाही. कळलं?"

बाजूनं जाणारं एक म्हातारं अमेरिकन जोडपं थांबलं. सगळं ठीक आहे ना, असं त्यांनी विचारलं. सुधीर हसून म्हणाला, "यस यस, वी आर प्रॅक्टिसिंग."

घरी येताना स्टेशन वॅगनमध्ये मी टॉवेल गुंडाळून बसले होते. फ्रेंचटाउनसुद्धा दिसलं नाही. बापट म्हणाले, "वहिनी, टोपली मात्र भक्कम हो, काही झालं नाही तिला." मी म्हटलं, "घेऊन जा घरी. माझ्या डोळ्यांसमोर नको." त्यांनी नेली. लोकांना खरंच काही सांगायची सोय नाही.

माझा राग सोमवारी दुपारी उतरला. संध्याकाळी मी चांगली भजी केली आणि सुधीरला हळूच म्हटलं, "फ्रान्सच्या तिकिटांचं कधी बघायचं?"

"फ्रान्स? अगं, तू नको म्हणालीस ना. सकाळीच एजंटला फोन करून मुंबईची तिकिटं पक्की केली."

लग्न झाल्यापासून माझं एकही वाक्य या माणसानं पुरतं ऐकलेलं नव्हतं. नेमकं तेवढं एक ऐकलं, आणि सोमवार उजाडताच अमलात आणलं. आतून सासूबाई म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं, इथला दगड चालत नाही."

मुंज झाली. मी वाळलेही होते आणि सुटलेही होते.

पानगळ सुरू झाली तेव्हा बापटांनी मंडळाच्या लोकांना घरी स्लाइड बघायला बोलावलं. कसल्या, ते फोनवर सांगितलं नाही. दिवे मालवले, प्रोजेक्टर खटकन वाजला, आणि भिंतीवर फ्रान्स. शांत कालवा, दोन्ही काठांना झाडं, आणि झाडांखालून सायकलवर चाललेल्या बापटवहिनी. टोपली माझी. तिच्यात लांबडा पाव. आमच्या तालमीमुळेच त्यांना म्हणे कल्पना सुचली होती. मी अंधारात, कालव्यातून वाचवलेल्या त्याच डब्यातली खिचडी खात होते आणि प्रत्येक घासाला बापटांना मनातल्या मनात पाण्यात ढकलत होते.

मग पुन्हा खटकन आवाज आला आणि भिंतीवर मी. कमरेएवढ्या पाण्यात, डोक्यावर शेवाळ, हात उगारलेला, मागे पंख पसरलेले गीज. बापटांनी स्लाइड लावताना गोंधळ घातला होता.

मग कुणीतरी म्हणालं, "अय्या शैलाताई, तुम्हीपण फ्रान्सला गेला होतात? बोलला नाहीत कधी."

बापटांनी खुलासा करायला तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे फक्त एकदा बघितलं. भर मंडळात, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांचा दगड झाला.

"हो ना," मी म्हटलं. "गाव सुंदर आहे. पाणी जरा गार असतं."