करपलेल्या कोपऱ्याचं लिनन

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करते. दूधवाला दारात उभा असतानाच मी दूध बोटावर घेऊन पाहते. त्यामुळे सौंसरहून मोठ्या जाऊबाईंनी लिननचं कापड पाठवलं, तेव्हा ते आधी उजेडात धरलं.

भासरे, म्हणजे माझे मोठे दीर, जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला विहारातल्या बुद्धमूर्तीपुढे अंथरायला जाऊबाईंना पिंपळपान भरलेलं कापड हवं होतं. त्यांचे हात आता थरथरतात, म्हणून भरतकाम माझ्याकडे आलं.

पण कापड कसलं ते! धागा कुठे जाड, कुठे बारीक, मध्येच गाठी. वर एका कोपऱ्यातून नखाएवढा तुकडा गायब. माझे वडील जिनिंगमध्ये होते. सुतात गाठ म्हणजे कापूस हलका, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. कुणाचा तरी उरलेला तुकडा स्वस्तात उचलला असणार, असं मी नवऱ्याला सांगून मोकळी झाले. स्वतःच्या माणसाच्या आठवणीसाठीही या बाईचा हात सैल होत नाही, असंही म्हणाले.

मग इथे पांढुर्ण्यातच एका दुकानातून गुळगुळीत, एकसारखं लिनन आणलं. अस्सल आहे म्हणून दुकानदाराने लेकराची शपथ घेतली, तेव्हाच मला ओळखायला हवं होतं. भरतकामाच्या रिंगमध्ये कापड ताणलं, तर ते सारखं सुटायचं. पाण्याचा थेंब टाकला, तो वरच बसून राहिला. शेवटी एक धागा ओढून काडी लावली. त्याची काळी गोळी झाली आणि प्लास्टिकचा वास सुटला.

जाऊबाईंच्या कापडाचाही धागा जाळला. तो कागदासारखा जळला, मागे नुसती राख. लिनन कापसाचं नसतंच, जवसाच्या धाग्याचं असतं आणि अस्सल असेल तर त्यात अशा गाठी असतातच, हे मोबाईलवर शोधल्यावर कळलं. मग तो तुटका कोपरा पुन्हा पाहिला. कडेला तपकिरी करपलेली रेघ होती.

फोन लावून कोपऱ्याचं विचारलं.

“दुकानातच काडी लावून पाह्यली मी,” जाऊबाई म्हणाल्या. “दुकानदार बोंबलून राहिला होता. पण तू पारखल्याबिगर सुई लावत नाहीस, मले ठाऊक हाये. म्हटलं, तुह्या जिवाले घोर नको.”

मला स्वतःची फार लाज वाटली. नवरा पेपरात तोंड घालून बसला होता.

विहारात कापड अंथरताना जाऊबाई म्हणाल्या, तो कोपरा खाली दुमडून टाक. मी तो समोरच ठेवला.