पाकिटातली हवा

वेफर्सच्या पाकिटाचा आमच्या आतोबांइतका हाडवैरी अख्ख्या मावळात दुसरा झाला नसेल, आणि पंचाईत अशी की त्यांची भाकरी त्याच पाकिटावर चालायची. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. परंदवडीजवळच्या एका खाऊच्या कंपनीत ते पॅकिंगला होते, तेही कंत्राटी. दिवसभर समोरून फुगलेली पाकिटं सरकत जायची आणि कुठल्याचं सील कच्चं आहे ते आतोबा नुसता अंगठा दाबून सांगायचे. सुटताना गेटवर मात्र खिसे उलटे करून दाखवावे लागत. न जाणो, एखादा वेफर त्यांच्याबरोबर घरी यायचा. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी त्यांचं ठरलेलं वाक्य असे, "मूठभर बटाटा आन् पोतंभर हवा. हवेचं पैसं मी द्यायचा न्हाई!"

मी शाळेसाठी त्यांच्याकडे राहायला होतो. त्यांना मूलबाळ नव्हतं, मला भूक फार होती, आणि डब्याबरोबर पाकीट आणणाऱ्या पोरांचा मला मनस्वी हेवा वाटे. एकदा मी पाकिटासाठी हट्ट धरून जेवलो नाही, आणि तिथून या माणसाला वेड लागलं. विकत आणायचं नाही, पण पोराला कमीही पडू द्यायचं नाही, म्हणून चकचकीत कागदात जे जे मिळतं ते ते आतोबा घरी करू लागले. नूडल्स त्यांनी सोऱ्यातून पाडून पत्र्यावर वाळवल्या. त्या शिजायला पाऊण तास लागला तेव्हा म्हणाले, "गिळाया तर दोनच मिन्टं लागत्यात का न्हाई?" टोमॅटोचा सॉस लाल भोपळ्याचा केला आणि वर मलाच विचारलं, "भुशीच्या धरणावर मुंबईवालं भज्यासंगं काय चाटत्यात असं वाटतंय तुला?" क्रीमची बिस्किटं अशी जमली की बिस्कीट तुटे, क्रीम तुटत नसे. आत्या कपाळाला हात लावून म्हणे, "अवं, ग्यास जळतोय त्यो कुणाच्या बापाचा?" असल्या वेळी आतोबांना ऐकू कमी येई.

पण त्यांचा खरा जीव वेफर्समध्ये. बटाटे किसणीवर पाडायचे, तुरटीच्या पाण्यात उकळायचे, आत्याच्या जुन्या लुगड्यावर वाळवायचे. मावळात पावसाळ्याचे चार महिने माणसाची बनियन वाळत नाही, तिथे वेफर काय वाळणार? मग ते तव्यावर एकेक शेकत बसत. तळून झाले की धुऊन ठेवलेल्या रिकाम्या पाकिटात भरायचे, तोंडाने फुंकून पाकीट फुगवायचं आणि त्याचं तोंड करवतीच्या पात्याशी धरून मेणबत्तीवरून फिरवायचं. सील असं बसे की कंपनीने शिकावं. हवेसाठी एकदा सायकलचा पंपही लावून पाहिला होता; निम्मे वेफर्स शेजाऱ्यांच्या कोंबड्यांनी खाल्ले.

दर रविवारी परीक्षा असे. दुकानातलं सगळ्यात लहान पाकीट त्या दिवसापुरतं घरात यायचं. माझ्या डोळ्यांवर पंचा बांधून आतोबा दोन ताटल्या पुढे सरकवत. एकीत विकतचे, एकीत त्यांचे. "वळख." आणि मी हटकून ओळखत असे. "हे तुमचे. मऊ पडलेत." आतोबांचा चेहरा पंच्यामुळे मला दिसत नसे, हे एक बरं होतं. "एकदा ह्यानं फसाय पायजे," ते आत्याला म्हणत, "मग आपुन जिकलो बग." मग पुढचा आठवडाभर तुरटी कमी कर, बटाटा बदल, तेल बदल, असं चाले.

चूक बटाट्यात नव्हतीच. ओलसर फुंकर आत कोंडली की वेफर मऊ पडणारच, एवढं मला नववीत कळलं होतं. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढच्याच रविवारी ते जिंकले असते, आणि मला हरायचं नव्हतं. ज्यांच्या घरचं खाऊन वाढलो त्यांच्याशी असा हलकट हिशेब मी करत होतो.

पुढे मला चिंचवडला चांगली नोकरी लागली. गावाकडे जाताना मी पिशवीभर महागडी पाकिटं नेऊ लागलो. आतोबा एकेक पाकीट अंगठ्याने दाबून बघत, "सील चांगलंय," म्हणत आणि ठेवून देत. नंतर माझं जाणंही कमी झालं.

शेवटचा गेलो तेव्हा त्यांचा उजवा हात थरथरत होता. तरी पंचा त्यांनीच बांधला, दोन ताटल्या सरकवल्या. "वळख." मला निघायची घाई होती, रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून परतणाऱ्या गाड्यांनी हायवे तुंबतो. दोन्हींतला एकेक तोंडात टाकला आणि मोठ्या मनाने म्हणालो, "आतोबा, जिंकलात! ओळखूच येत नाही."

मी पंचा काढला. आत्या दारात उभी होती. "दोनी इकतचंच हायेत रं," ती म्हणाली. "त्यास्नी किसणी धरवत न्हाई आता."

आतोबा हसत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. "वळखायचास," ते म्हणाले, "तवा निदान चावून तरी खायचास." आणि एका हाताने पंच्याची घडी घालायला लागले. ती काही केल्या नीट बसेना.

तीन महिन्यांनी ते गेले. तेराव्यानंतर आत्याने फडताळातल्या डब्यातून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. "हात चालत व्हता तवा तुज्यासाठी भरल्यालं शेवटचं. तवा तू आलाच न्हाईस, मग मऊ पडलं म्हून त्यांनी देऊ दिलं न्हाई."

ते आता माझ्या कपाटात आहे. जरा बसलंय, पण अजून फुगलेलं आहे. मी अंगठ्याने दाबून पाहतो. सील पक्कं आहे. आतले वेफर्स केव्हाच मऊ पडले असतील, त्याबद्दल माझी आता काही तक्रार नाही. बायको म्हणते, फोडा तरी, नाहीतर टाकून द्या. मला फोडवत नाही. फोडलं तर हाताला मूठभर बटाटा लागेल, आणि आतोबांची फुंकर निघून जाईल.