टेपवरचा ‘वा!’

गल्लीत त्यांना टेपकाका म्हणत. खरं नाव फक्त विजेच्या बिलाला ठाऊक होतं. उभ्या आयुष्यात त्यांनी दोनच उद्योग केले. बायकांची कामावरची गाणी टेपवर उतरवून घेतली, आणि तीच गाणी रंगमंचावर स्वतः गायली. पहिल्याबद्दल लोक त्यांना मान देत. दुसऱ्याबद्दल म्हणत, ‘‘संशोधन फार मोलाचं आहे हो तुमचं!’’ कार्यक्रमानंतर हे वाक्य कानावर आलं की काका समजत, आजही आवाज लागला नाही.

धुणं धुणाऱ्या, विटा वाहणाऱ्या, गाद्या शिवणाऱ्या बायकांच्या कॅसेटींनी घरातलं एकुलतं एक कपाट व्यापलं होतं. काकू म्हणत, ‘‘माझे कपडे पलंगाखाली आणि परक्या बायकांचे आवाज कपाटात. सांगायचं कुणाला?’’ पण कॅसेटींवरची धूळ पुसायच्या त्याच.

बुरशी मात्र पुसून जाईना. शेवटी संग्रहालयातल्या बाई म्हणाल्या, आम्ही संगणकावर उतरवून जपतो. काकांनी गोणी भरून नेऊन दिली. काही दिवसांनी बाईंनी बोलावून घेतलं आणि एक कॅसेट लावली. गादीवाल्या आजी गात होत्या, ‘सुई गेली पुढं बाई, दोरा मागं राहिला’, आणि ओळ संपते न संपते तोच कुणीतरी माइकमध्ये तोंड घालून ओरडलं, ‘‘वा!’’

बाईंनी दुसरी लावली. ‘‘वा!’’ तिसरीत, ‘‘वा वा! आई गं!’’

‘‘हे गृहस्थ कोण?’’

‘‘मीच,’’ काका म्हणाले. ‘‘आवरत नाही.’’

‘‘अहो, प्रत्येक ओळीच्या शेपटीवर तुम्ही बसलाय. एक तरी गाणं स्वच्छ मिळालं, तर साहेबांपुढे बाकीच्यांचा विषय काढता येईल. नाहीतर गोणी परत न्या.’’

परत नेणं म्हणजे बुरशीला जेवू घालणं. गाणाऱ्या बहुतेकजणी केव्हाच गेल्या होत्या. उरल्या होत्या या आजी. काकांवर भरवसा नसल्याने बाई स्वतःच यंत्र घेऊन निघाल्या. काकूंनी घडी केलेला रुमाल दिला. ‘‘खिशात नाही, तोंडात ठेवायचा.’’

आजींच्या खोलीत अर्धवट शिवलेली गादी पसरली होती आणि कापूस पार घड्याळावर चढला होता. आजींनी हातभर लांबीची सुई खुपसली, एक ओळ म्हटली आणि थांबल्या. काका तोंडात रुमाल कोंबून, दात काढून घ्यायला बसल्यासारखे भिंतीकडे बघत होते.

‘‘काय रे टेपवाल्या, पोटात दुखतंय?’’

काकांनी रुमालासकट मान हलवली. आजींनी पुन्हा ओळ घेतली आणि पुन्हा थांबल्या.

‘‘आवडत नसेल तर राहू दे बाबा. मला काय, गाद्या पडल्यात शिवायच्या.’’

‘‘आजी, मीच त्यांना गप्प बसवलंय,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आम्हाला नुसता तुमचा आवाज हवाय.’’

‘‘अगं, पण पुढं जायचं मला कळणार कसं? पूर्वी गादीच्या त्या बाजूला माझी जाऊ बसायची. दोरा ओढून टाका पक्का झाला की म्हणायची, ‘हं!’ मग मी पुढची ओळ घेऊन सुई घालायची. ती गेली, आणि हा टेप घेऊन आला. हा ‘वा’ म्हणाला की माझी सुई आपोआप पुढं जाते.’’

बाईंनी कानांवरचे हेडफोन उतरवले. काकांकडे बघितलं.

‘‘काढा तो रुमाल.’’

काका गादीच्या पलीकडे जाऊन बसले. ओळ संपली. घसा साफ करून ते खर्जात म्हणाले, ‘‘वा...’’

‘‘असा कार्यक्रमातला नको. नेहमीचा दे.’’

पुढच्या ओळीला काका बाईंना विसरले, यंत्राला विसरले, आणि नेहमीचा गेला. सुई पुढे सरकली. थेट शेवटच्या टाक्यापर्यंत सरकत राहिली.

बाईंनी नोंद करायला घेतली. ‘‘गायन, गादीवाल्या आजी. साथ?’’

काकांनी मागे वळून पाहिलं. मागे फक्त कापूस होता.

संध्याकाळी ते रिकाम्या हातांनी घरी आले. ‘‘गोणी?’’ काकूंनी विचारलं.

‘‘ठेवून घेतली, सगळीच. आणि साथीला माझं नाव लागलं.’’

‘‘गाण्याबद्दल?’’

‘‘नाही. ‘वा’बद्दल.’’

काकू पलंगाखालून कपडे ओढून रिकाम्या कपाटात लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘चला, लागला म्हणायचा एकदाचा आवाज.’’