समोरच्या घरचं मांजर

माझ्या खिडकीतल्या उन्हात एक मांजर पोट वर करून झोपलं आहे. खरं तर ते समोरच्या सुमनवहिनींचं. त्यांनी ते उंदरांसाठी आणलं होतं. उंदीर संपले, तसं त्याचं दूधही संपलं. जिन्यात भेटलं की नुसत्या बरगड्या दिसायच्या. एका दुपारी मी गुपचूप दार उघडं ठेवलं. ते आत आलं आणि राहिलं.

आज सकाळी वहिनी विरजण मागायला आल्या. मांजर समोरच लोळत होतं.

"अगंबाई, केवढं गुबगुबीत! कुठून आणलंस?"

"आलं आपणहून," मी म्हणाले.

"नाहीतर आमचं! मेलं कुठे उलथलं कोण जाणे."

बोलता बोलता त्यांनी त्याला कुरवाळलं. कपाळावरचा पांढरा ठिपका त्यांच्या बोटांखालून गेला, तरी ओळख पटली नाही. आपलं म्हणायला तोंड पुरतं. ओळखायला मात्र आधी कधीतरी नीट पाहिलेलं असावं लागतं.

विरजणाला चमचाभर दही पुरे. मी आनंदाने वाटी काठोकाठ भरून दिली. साय तेवढी मागे ठेवली. दार लागल्यावर ती माझ्या मांजराने डोळे मिटून चाटली.