दुसरीचं दार

माझी मुलगी विमानात काम करते. खारमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना वाटतं, तिचं काम म्हणजे हसायचं आणि चहा द्यायचा. मलाही तसंच वाटायचं. चौथी शिकलेली मी, जास्त विचारायलाही लाजायचे.

एका दुपारी ती घरी आली आणि युनिफॉर्म न बदलताच ओट्याला टेकून उभी राहिली. जवळा केला होता, तिने झाकणसुद्धा उघडलं नाही.

"आई, आज माझ्याकडून चूक झाली."

मग तिने मला नीट समजावलं. विमानाच्या दारात रबराची मोठी घसरगुंडी घडी करून ठेवलेली असते. संकटात दार उघडलं की ती फुगून जोरात बाहेर पडते आणि माणसं घसरत खाली उतरतात. विमान नेहमीसारखं उतरलं तर दार उघडण्याआधी दांडा फिरवून ती बंद करायची आणि वर पिन लावायची. पिनेला लाल फीत असते. फीत लोंबताना दिसली म्हणजे दार उघडायला हरकत नाही. मला नवल वाटलं, लाल दिसलं तर सगळं ठीक! समोरासमोरच्या दारांवर दोघी असतात. आपलं झालं की दुसरीचं दार डोळ्यांनी बघायचं आणि मगच 'चेक्ड' म्हणायचं.

"मी बघितलंच नाही. तोंडातून निघून गेलं. तुझं 'हो' निघतं ना, तसं."

बाहेर जेवणाची गाडी दाराला लागली होती, माणूस वर उभा होता. दुसरीने, म्हणजे तिच्या मैत्रिणीने, आपल्या दाराच्या हँडलला हात घातला तेव्हा कुठे हिला दिसलं, फीतच नाही. "रुक!" म्हणून ही ओरडली. दार उघडलं असतं तर तो माणूस खाली फेकला गेला असता.

"कोणी बघितलं का?" मी विचारलं.

"नाही. ती म्हणाली, छोड ना यार, हुआ क्या कुछ?"

"मग गप्प बस. नोकरी जाईल."

"आणि उद्या दुसऱ्या कोणाकडून असंच झालं तर?"

तिने तिथेच ओट्याजवळ मोबाइलवर सगळं लिहून ऑफिसला पाठवलं. मी जवळा गरम करत राहिले, तो खाली लागला.

नोकरी गेली नाही. पण दोघींना उड्डाणावरून काढून परत ट्रेनिंगला बसवलं. शेवटी परीक्षा होती. मैत्रीण बोलेना. मग सराव कोणाबरोबर करणार? माझ्याबरोबर. कपाटाचं दार तिचं, मोरीचं दार माझं. सेफ्टी पिनेला मी लाल रिबन बांधली. ती मुद्दाम पिन लावायची नाही आणि विचारायची, "चेक्ड?"

"हो," मी म्हणायचे.

"आई! बघ तरी!"

पोरीला तोंडावर नाही कसं म्हणायचं, हेच मला जमेना. चौथ्या दिवशी मी रिबन शोधली, दिसली नाही, आणि म्हटलं, "नाही. लावलेली नाहीस." आवाज जरा मोठाच निघाला. समोरच्या भाभीने दार उघडून विचारलं, "क्या हुआ, माँ-बेटी झगड रहे हो क्या?"

"नही भाभी, विमान उतर रहा है," मुलगी म्हणाली. आम्ही तिघी हसलो. मी हसले ते मोरीत तोंड लपवून.

परीक्षेत दोघी पास झाल्या आणि पहिलंच उड्डाण एकत्र लागलं. संध्याकाळी मुलगी आली ती चपला काढायच्या आत बोलायला लागली.

"आई, विमान उतरल्यावर तिने मला विचारलं, देखा ना ठीक से? की फिर से लेटर लिखेगी?"

"मग तू काय म्हणालीस?"

"दो बार देखा, म्हटलं. मग हसली एकदाची." आणि तिने ताट वाढून घेतलं.