धवलारणीची चढाई

१९६४ साली उरण तालुक्यात ‘पहिल्यांदाच’ बायकांच्या हुतूतूच्या स्पर्धा भरल्या. तसं पत्रकातच छापलं होतं, आणि ते वाटत फिरणारा शहाणा मीच, शाळेतला खेळाचा मास्तर! मिठागराच्या वाटेवर ठमी भेटली. ठमी म्हणजे आमच्या गावची धवलारीण. तिने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्याशिवाय आगऱ्यांत लग्न लागत नाही. तिला पत्रक वाचून दाखवलं, तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, “पहिल्यांदा? मंग आमी काय चिंबोऱ्या पकरीत व्हतो, मास्तर?”

स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांनी या बाईने मिठागरावरच्या सात जणी जमवल्या, काष्टे कसले आणि न्हावे गावच्या बायकांना सुक्या मिठागरात लोळवलं. धवला गाताना ओळ मधेच तोडायची नाही, ही तिची सवय. एका दमात चौघींना शिवून यायची! मग गावकी बसली. धर्मा पाटलाने सुनावलं, “धवला सोड, नायतर हुतूतू सोड.” ठमी म्हणाली, “दम एकच हाय. अर्धा कापून देऊ?” तीन वर्षं परगावची धवलारीण आणली, पण तिला एकाही लग्नाला बोलावलं नाही. ती खेळत राहिली. शेवटी परगावचीही कोणी मिळेना, धवल्यांवाचून अडलं, तेव्हा झक मारत तिच्या दारात आले. पण तिचा खेळ गावाने गिळला तो गिळलाच.

मी याच गावचा, आणि तिने सांगेपर्यंत मला पत्ता नाही! भयंकर राग आला, स्वतःचाही.

स्पर्धेचा अध्यक्ष कोण? तोच धर्मा पाटील. मी म्हटलं, “पाटील, भाषणात ठमीबाईचं नाव घ्या.”

“कागद हाय काय तसा?” पाटील गुरगुरले. “मास्तर, शाळा आमच्या हातात हाय, इसरू नका.”

स्पर्धेच्या दिवशी पाटील मैदानाच्या कडेला खुर्चीत, गळ्यात हार. भाषणात ‘पहिल्यांदाच’ आलं मात्र, ठमी गर्दीतून उठली. पन्नाशीची बाई! काष्टा खोचला, मधल्या रेषेच्या पाया पडली आणि “हुतूतूतू” करीत सुटली ती थेट खुर्चीपाशी. पाटलांच्या गुडघ्यावर थाप मारली, वळली, आणि आवाज न तुटता रेषेपार परत आली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शिट्टी माझ्या गळ्यात होती. म्हटलं, गेली नोकरी तर गेली खड्ड्यात! फुंकली.

“धर्मा पाटील बाद!”

बायकांनी मैदान डोक्यावर घेतलं. पाटील लालबुंद होऊन ओरडले, “अरे, पण मी खेळतच नव्हतो!”

ठमी अजून धापा टाकत होती.

“पंधरा वर्सं खेलतंस, धर्मा,” ती म्हणाली. “ऊठ आता.”